शाळांच्या सुट्ट्या आणि चढे भाव टाळून सहल कधी आखावी?

मोसमी

सहलीचा विषय निघाला की बहुतेक घरांत सर्वांत आधी मुलांच्या शाळेचे वेळापत्रक समोर येते, आणि मुले शाळेत जाण्याच्या वयाची नसतील तर ‘आपल्याला काय, कधीही जाऊ’ असे म्हणून तो विषय तेथेच मिटतो. दोन्ही घरांत एक गोष्ट पाहायची राहून जाते. एखाद्या ठिकाणचे विमानभाडे आणि खोलीभाडे आपल्या सुट्टीप्रमाणे चढत-उतरत नाही. त्या ठिकाणी मोठ्या संख्येने जाणारी कुटुंबे कोठून येतात आणि त्यांच्या मुलांच्या शाळा कधी बंद असतात, त्याप्रमाणे ते चढते-उतरते. म्हणून आपल्या दिनदर्शिकेपेक्षा इतरांची दिनदर्शिका अधिक बारकाईने पाहावी, असे माझे मत आहे.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथे सोळा राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्यात उन्हाळी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची असते, परंतु सगळ्या राज्यांतील शाळा एकाच दिवशी बंद होत नाहीत. महामार्गांवर आणि पर्यटनस्थळांवर एकदम ताण येऊ नये म्हणून बहुतेक राज्ये आळीपाळीने तारखा पुढे-मागे करून घेतात. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग ही दक्षिणेकडील दोन राज्ये मात्र या फेरपालटात सहभागी होत नाहीत. त्यांची सुट्टी दरवर्षी सर्वांच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरच्या साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. इटलीतील गार्डा सरोवराकाठी दक्षिण जर्मनीतील कुटुंबे मोटारीने काही तासांत पोहोचतात, त्यामुळे ‘ऑगस्ट संपला, गर्दी संपली’ हा सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा तेथे लागू पडत नाही.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. तेथील फेब्रुवारी-मार्चमधील दोन आठवड्यांची हिवाळी सुट्टी देशाचे तीन विभाग करून वेगवेगळ्या तारखांना दिली जाते आणि ती सर्व मिळून सुमारे चार आठवडे चालते. त्यांपैकी ज्या आठवड्यांत पॅरिसचा विभाग सुट्टीवर असतो, ते आठवडे आल्प्समध्ये बर्फावर खेळायला जाणाऱ्यांनी डोळे मिटून टाळावेत. याउलट नववर्षाची धामधूम संपल्यापासून या सुट्ट्या सुरू होईपर्यंतचा जानेवारी महिना तेथे तुलनेने शांत असतो, आणि बर्फ तर भरपूर असतो.

ज्यांच्यावर शाळेचे बंधन नाही ते नेमके आठवडे कसे निवडतात, आणि ज्यांच्यावर आहे त्यांना कितपत वाव उरतो, या दोन्हींविषयी वाचायला आवडेल.

जुनी पेटी

आमच्या घरातील शाळा कधीच संपली, त्यामुळे आम्ही दोघे ऐन हंगामाच्या अलीकडचा किंवा पलीकडचा काळच निवडतो. या दोहोंमध्येही माझा कल पलीकडच्या काळाकडे आहे, आणि त्याचे कारण भावापेक्षा समुद्राचे आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. भूमध्य समुद्राचे पाणी ऑगस्टमध्ये सर्वाधिक उबदार असते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्यात सुखाने पोहता येते. मे महिन्यात ऊन तेवढेच असले तरी पाण्यात पाय घातला की हिवाळा आठवतो.

मोसमीताईंच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. शाळांखेरीज इतरही दिनदर्शिका असतात. जर्मनीतील म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा महोत्सव नावाने ऑक्टोबरचा असला तरी तो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या काळात तेथील खोल्यांचे दर ऐन उन्हाळ्यालाही मागे टाकतात. फ्रँकफर्टला ऑक्टोबरमधील पुस्तक मेळ्याच्या आठवड्यात तोच अनुभव येतो. ज्या शहरांत व्यापारी मेळे आणि परिषदा भरतात तेथे शाळेच्या सुट्टीपेक्षा मेळ्यांचे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे ठरते, आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा कामानिमित्त फिरणारा वर्ग स्वतःच सुट्टीवर गेलेला असतो, तेव्हा त्याच शहरांतील चांगली हॉटेले बऱ्याच कमी दरात मिळतात.

वेळापत्रक

भाडे नेमके कसे चढते हे समजून घेतले तर आठवडा निवडणे सोपे जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमानातील सगळ्या खुर्च्या सारख्या दिसत असल्या तरी त्या वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागून विकल्या जातात. स्वस्त गटातल्या किती खुर्च्या विकायच्या आणि किती राखून ठेवायच्या, याचा एक साधा नियम ‘बीओएसी’ या तत्कालीन ब्रिटिश विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडला. स्वस्तात आज मिळणारे पैसे हे तीच खुर्ची पुढे महाग विकली जाण्याच्या शक्यतेतून अपेक्षित असलेल्या पैशांपेक्षा जास्त असतील, तोवरच स्वस्त विक्री चालू ठेवावी, असे त्याचे सार आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाल्यावर हे तंत्र झपाट्याने वाढले आणि पुढे हॉटेले, भाड्याच्या मोटारी आणि रेल्वे यांनीही ते उचलले.

याचा आपल्या दृष्टीने अर्थ असा की शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या शनिवारच्या विमानात स्वस्त गट मुळातच लहान ठेवलेला असतो, कारण त्या दिवशी महाग भाडे देणारी कुटुंबे येणारच हे कंपनीला मागील वर्षांच्या नोंदींवरून ठाऊक असते. त्यामुळे ‘शेवटच्या क्षणी भाव पडतील’ ही आशा सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात बहुधा फळत नाही. हीच युक्ती ऑफ सीझनला, मंगळवार-बुधवारच्या उड्डाणांवर, अधूनमधून साधते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सुट्टीची गर्दी एका दिशेने वाहते. पहिल्या शनिवारी उत्तरेकडून किनाऱ्याकडे जाणारे विमान भरलेले असते आणि तेच विमान परत जाताना बरेच रिकामे असते. शेवटच्या रविवारी नेमके उलटे होते. ज्यांना सुट्टीच्या तारखा बदलता येत नाहीत, त्यांनी निदान जाण्याचा आणि येण्याचा दिवस या लोंढ्यातून बाहेर काढावा. शनिवारऐवजी बुधवारी निघावे, सुट्टीच्या पहिल्या आठवड्याऐवजी शेवटच्या आठवड्याकडे सरकावे, कारण पुष्कळ कुटुंबे शाळेच्या तयारीसाठी आधीच परतलेली असतात. आल्प्समधील अनेक घरे मात्र शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने दिली जातात, तेव्हा तेथे ही सोय हॉटेलातच मिळते.

शाळेचा फळा

मी शिक्षकी पेशात आहे, म्हणजे शाळेच्या सुट्टीला सर्वाधिक बांधलेल्या वर्गातली आहे. पालक निदान एखादा दिवस आधी मुलाला घेऊन निघू शकतात, आम्हाला तेही शक्य नसते.

परंतु ‘एखादा दिवस आधी’ हेही सर्वत्र खपवून घेतले जात नाही. इंग्लंडमध्ये विनापरवानगी गैरहजेरीसाठी ऑगस्ट २०२४ पासून दंडाची रक्कम ६० वरून ८० पाउंडांवर गेली आहे. हा दंड प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे लागतो, आणि २१ दिवसांत भरला नाही तर तो १६० पाउंड होतो. दहा आठवड्यांच्या काळात अशी पाच दिवसांची गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. आइल ऑफ वाइट येथील एका पित्याने आपल्या मुलीला शाळा चालू असताना फ्लोरिडाला नेले होते आणि दंड भरण्यास नकार दिला होता. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध लागला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांनुसार हजेरी, बहुतेक दिवसांची हजेरी नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. जर्मनीतील बव्हेरियात तर २०१८ मध्ये सुट्टी सुरू होण्याआधीच मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे पोलिसांनी विमानतळावर हेरली आणि ती बातमी बरीच गाजली.

दंड भाड्यातल्या बचतीपेक्षा कमी आहे, मग भरून टाकू, असा हिशेब करणारे पालक मी पाहिले आहेत. तो हिशेब पैशांपुरता बरोबरही असेल. पण वर्गात परतलेल्या मुलाला निसटलेला भाग कोणी तरी पुन्हा शिकवावा लागतो, आणि तो वेळ उरलेल्या वर्गाच्या वाट्यातून जातो, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेच धरलेली नसते.

काटकसर

शिक्षिकाबाईंचे म्हणणे मान्य, तरी दोष पालकांवरच का ढकलावा हे मला समजत नाही. तेच हॉटेल, तीच खोली, तोच नाश्ता, आणि शाळा बंद झाल्याबरोबर दर दुप्पट होतो. ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांकडूनच जास्त पैसे घेणे ही सरळ अडवणूक आहे. सरकारांनी सुट्टीच्या काळातील दरांवर मर्यादा का घालू नये?

वेळापत्रक

अडवणूक वाटणे स्वाभाविक आहे, परंतु दुसरी बाजूही पाहावी. ग्रीसच्या अनेक बेटांवरील हॉटेले ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होतात आणि एप्रिलच्या सुमारास उघडतात. इमारतीचे कर्ज आणि देखभाल मात्र बाराही महिने चालू असते, म्हणजे वर्षभराचा खर्च सहा-सात महिन्यांत, आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये, भरून काढावा लागतो. दर कायद्याने दाबला तर खोल्या काही वाढणार नाहीत. त्या आधी पोहोचणाऱ्याला किंवा ओळख असणाऱ्याला मिळतील, आणि मे-ऑक्टोबरमधील ज्या स्वस्त दरांचा जुनी पेटी यांच्यासारखे लोक लाभ घेतात, ते दर वर चढतील.

मागणी पसरवणे हा त्यावर अधिक चांगला उपाय आहे. जर्मनी आणि फ्रान्सचा उल्लेख वर आलाच आहे. नेदरलँड्समध्येही उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग करून उन्हाळी सुट्टीच्या तारखा बदलत्या ठेवतात. स्वीडनमध्ये हिवाळी क्रीडा सुट्टी गोथेनबर्गला वर्षाच्या सातव्या आठवड्यात, तर स्टॉकहोमला नवव्या आठवड्यात असते. जो देश सर्व शाळा एकदम बंद करतो, तो आपल्याच नागरिकांसाठी महागाई निर्माण करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

काटकसर

हॉटेलाचा खर्च समजला. दुप्पट दर तरीही पटला नाही. पण तारखा पसरवण्याचा मुद्दा योग्य आहे, त्यावर वाद नाही.

उत्तरायण

येथे स्वस्ताईचेच गुणगान चालू आहे म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. एखादे ठिकाण स्वस्त असते ते दोन कारणांनी, एक तर ते रिकामे असते किंवा ते बंद असते. संकेतस्थळावरील दराचा आकडा या दोहोंतला फरक सांगत नाही.

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा काळ १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरला जातो आणि त्याचा जोर साधारण १० सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो. कॅरिबियन बेटांवरील सप्टेंबरचे आकर्षक दर हे या जोखमीचेच दर आहेत. पेरूमधील माचू पिचूकडे जाणारी ‘इंका ट्रेल’ ही प्रसिद्ध पायवाट दरवर्षी फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी पूर्ण बंद ठेवतात, आणि तो महिना तेथे मुसळधार पावसाचाही असतो. आल्प्समध्ये बर्फाचा हंगाम संपल्यावर मे महिन्यात बहुतेक ठिकाणच्या केबल कार देखभालीसाठी थांबवलेल्या असतात, उंचावरच्या वाटा बर्फाखाली असतात आणि खालची गावे चिखलात असतात. आइसलँडच्या मधल्या उंच प्रदेशातील रस्ते तर जूनच्या उत्तरार्धाआधी सहसा उघडतच नाहीत. ग्रीसच्या लहान बेटांवर हिवाळ्यात खोली स्वस्त मिळेल, पण परतीची बोट आठवड्यातून किती वेळा सुटते हे आधी पाहावे लागते.

पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ आहे. दर उतरतात, गवत वाढते आणि प्राणी दिसणे अवघड होते. मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट या हरणांच्या कुळातील प्राण्यांचे कळप पाहायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर याच काळात जावे लागते, आणि तेव्हाचे चढे भाव निमूटपणे द्यावे लागतात. काही गोष्टींसाठी गर्दी टाळण्याचा मार्ग नसतो आणि तो शोधण्यात वेळही घालवू नये.

मोसमी

उत्तरायण यांनी चर्चेला आवश्यक असा लगाम घातला. आता आशियाविषयी लिहिते, कारण युरोपची सवय असलेले प्रवासी तेथे अनपेक्षितपणे गर्दीत सापडतात.

जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे या काळात चार राष्ट्रीय सुट्ट्या येतात आणि त्या सलग काळाला ‘गोल्डन वीक’ म्हणतात. त्या आठवड्यात शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेगाड्यांमध्ये जागा मिळणे कठीण होते. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या वेळी आणि नववर्षाला तीच स्थिती असते. मार्चअखेरीस तेथील शाळांचे वर्ष संपून एप्रिलमध्ये नवे सुरू होते, म्हणजे चेरीचा बहर आणि शाळेची वसंत सुट्टी एकत्र येतात. गोल्डन वीक संपल्यापासून जूनच्या पावसापर्यंतचे दिवस मात्र हवेच्या आणि भावाच्या दोन्ही दृष्टींनी उत्तम असतात. चीनमध्ये १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि चांद्र नववर्ष हे दोन काळ टाळावेत. हे केवळ चीनपुरते नाही, कारण त्या दिवसांत चिनी पर्यटक थायलंड, जपान आणि कोरिया येथेही मोठ्या संख्येने जातात.

सर्वांत फसवे असतात ते जागा बदलणारे दिवस. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कोणत्याही रविवारी येऊ शकतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला आणि २०२७ मध्ये २८ मार्चला. युरोपातील बहुतेक शाळांची वसंत सुट्टी त्याच्या आगेमागे फिरत असल्यामुळे ‘एप्रिलचा पहिला आठवडा स्वस्त असतो’ असा एखाद्याचा गेल्या वर्षीचा अनुभव यंदा निरुपयोगी ठरतो. ईदची तारीख सौर वर्षात दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे तुर्कस्तान, आखाती देश, मलेशिया किंवा इंडोनेशिया येथे जाणाऱ्यांनी ती प्रत्येक वर्षी नव्याने पाहावी.

शाळेचा फळा

ज्यांना तारखा बदलता येत नाहीत त्यांना ठिकाण बदलता येते, आणि आम्हा शिक्षकांचा हाच मार्ग आहे. आपल्या सुट्टीत कोणाचा हंगाम ओसरलेला आहे, असा प्रश्न विचारून नकाशा पाहावा.

एकाच देशातील फरकही उपयोगी पडतो. स्कॉटलंडमधील शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत उघडतात, तर इंग्लंडमधील शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद होतात. त्यामुळे स्कॉटिश कुटुंबांना जुलैचे पहिले दोन-तीन आठवडे इंग्लिश गर्दी उसळण्याआधीच हाती लागतात. इंग्लिश कुटुंबांना ऑगस्टच्या उत्तरार्धात स्कॉटलंडचा डोंगराळ भाग मोकळा मिळतो, फक्त एडिनबरा शहर टाळावे लागते, कारण तेथील कलामहोत्सवांमुळे ऑगस्टभर खोल्या महाग असतात. फिनलंडमधील शाळाही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, आणि तेथील सरोवरांकाठची घरे त्यानंतर सहज मिळू लागतात. दक्षिण गोलार्धाचा विचार करताना दिनदर्शिका उलटी धरावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यानंतर सुरू होऊन जानेवारीच्या अखेरपर्यंत चालते, आणि उत्तरेकडचे लोक थंडीला कंटाळून नेमके तेव्हाच तेथे जायला निघतात.

जुनी पेटी

व्हेनिसचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून करतो. तेथे २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. २०२५ मध्ये चार दिवस आधी नोंदणी करणाऱ्याला ५ युरो आणि ऐनवेळी येणाऱ्याला १० युरो असा दर होता. गंमत अशी की पालिकाच गर्दीच्या दिवसांची यादी आधी प्रसिद्ध करते. शुल्क वाचवण्याचा विचार नसला तरी ती यादी पाहून आपला दिवस ठरवावा, कारण गर्दीचा इतका अधिकृत अंदाज दुसरीकडे क्वचितच मिळतो.

भरती-ओहोटी

संपूर्ण चर्चा वाचली. आम्हा दोघांनाही शाळेचे बंधन नाही आणि २०२६ मध्ये आल्प्समध्ये आठवडाभर पायी भटकंती करण्याचा विचार आहे. जून घ्यावा की सप्टेंबर? आणि कोणत्या देशाची दिनदर्शिका पाहायची हे ठरवायचे कसे, कारण आल्प्समध्ये तर सगळेच येतात.

मोसमी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. आपण जेथे उतरणार त्या विमानतळावर थेट विमाने कोणत्या शहरांतून येतात ते पाहा, आणि चार-पाच तासांच्या अंतरात मोटारीने येऊ शकतील अशी मोठी शहरे नकाशावर शोधा. त्या प्रदेशांतील शाळांच्या सुट्ट्या शिक्षण खाती वर्षभर आधीच जाहीर करतात. त्या एका कागदावर आठवड्यांच्या रकान्यांत मांडल्या की मोकळा रकाना दिसू लागतो. आल्प्सच्या पूर्व भागासाठी बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटली एवढे पाहिले तरी पुष्कळ होते.

उत्तरायण

जून नको. उंच खिंडींत तेव्हा बर्फ असतो आणि वरच्या मुक्कामाच्या झोपड्या बहुधा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. सप्टेंबरमध्ये वाटा कोरड्या असतात आणि दुपारची गडगडाटी वादळेही कमी झालेली असतात. बव्हेरियाच्या शाळा मध्यावर उघडल्या की तिसरा आठवडा मोकळा होतो. फक्त म्युनिकमार्गे जाऊ नका, कारण २०२६ चा ऑक्टोबरफेस्ट १९ सप्टेंबरला सुरू होतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक किंवा इटलीतील वेरोना सोयीचे पडेल.

भरती-ओहोटी

वेरोनामार्गे दक्षिणेकडून वर चढावे असे दिसते. मग ३ ऑक्टोबरच्या जर्मन राष्ट्रीय सुट्टीची भीती बाळगायची का? आठवडा थोडा पुढे सरकला तर ती जवळ येते.

वेळापत्रक

२०२६ मध्ये ती शनिवारी येते, त्यामुळे जोडसुट्टी होत नाही. परंतु पुढे सरकण्याआधी झोपड्या कधी बंद होतात ते विचारून घ्या, कारण पुष्कळशा सप्टेंबरच्या अखेरीस कुलूप लावतात आणि हवा लवकर बिघडली तर त्याआधीही. माझ्या मते सोमवार, १४ सप्टेंबरला चढायला सुरुवात करून रविवारी खाली उतरावे, म्हणजे शनिवारची रात्र वर निघेल. आठवडाअखेरीला वर गर्दी होते, तेव्हा त्या एका रात्रीची नोंदणी सर्वांत आधी करा.